मूठ उघडताना: पक्षाघातानंतर आखडलेल्या हाताचा अनुभव

२०२२ सालच्या जानेवारीत, संक्रांतीनंतर साधारण आठवड्याने, पहाटे जाग आली तेव्हा उजवा हात अंगाखाली दबला आहे असे मला वाटले. डाव्या हाताने तो ओढून बाहेर काढला, तरी तो आपलाच आहे अशी जाणीव होईना. यजमानांना हाक मारायला गेले, तर शब्द तोंडातच सांडले. पक्षाघातात मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. माझा झटका झोपेत केव्हा आला हे कोणालाच सांगता येत नव्हते, त्यामुळे ती संधी गेली. आठवडाभरात बोलणे बरेच सुधारले आणि दीड महिन्यात काठी घेऊन घरातल्या घरात चालता येऊ लागले. हात मात्र वेगळ्याच वाटेने गेला. त्या वाटेची कल्पना मला आधी कोणी दिली असती तर पहिले दहा महिने जसे गेले तसे गेले नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी सांगलीतल्या मुलींच्या एका शाळेत २९ वर्षे शिवण आणि भरतकाम शिकवले. माझे सगळे आयुष्य उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर उभे होते. रुग्णालयात हात सुजेल म्हणून परिचारिकेने काचेच्या बांगड्या वाढवल्या, तेव्हा तो हात ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. तो उचलून उशीवर ठेवावा लागे आणि सोडला की घरंगळे. डॉक्टरांनी याला हाताचा ताण, म्हणजे टोन, गेला आहे असे सांगितले. घरच्या मंडळींना आणि मलाही एकच भीती होती, की हात असाच लुळा राहतो की काय. तो घट्ट होऊ शकतो आणि ती घट्टपणाची अवस्था अधिक त्रासाची असू शकते, हे आमच्या मनातही आले नव्हते.

चौथ्या आठवड्यात कोपर आपोआप थोडे वाकू लागले. आधी ते पोटाशी येई, मग छातीशी येऊ लागले. बोटे तळहाताकडे वळू लागली. ज्यांच्या अंगावरून वारे गेले आहे अशा माणसाच्या घरी भेटायला येणारे लोक उमेद द्यायलाच येतात, आणि त्यांनी ती भरभरून दिली: हात वर यायला लागला, बघा, पकड आली. माझ्या हातात कोणी बोट दिले तर मूठ ते इतके घट्ट धरून ठेवी की मलाही ती शक्तीच वाटली. घरी व्यायाम घ्यायला येणाऱ्यांनी स्पंजचा चेंडू आणून दिला आणि तो दिवसातून दोनशे वेळा दाबायला सांगितला. मी तो तीनशे वेळा दाबत असे. शिस्तीत वाढलेल्या बाईला इतर काय करता येणार? प्रत्येक वेळी चेंडू दाबला जाई, पण मूठ सैल करायची वेळ आली की ती सैल होत नसे. यजमान एकेक बोट उचलून चेंडू बाहेर काढत. दाबणे जमते आणि सोडणे जमत नाही, यातच सगळा रोग होता. तो आमच्या डोळ्यांसमोर असून आम्हाला दिसला नाही.

त्या काळातली एक घटना विसरता येत नाही. मार्च महिन्यात एका संध्याकाळी मला मोठी जांभई आली आणि माझा उजवा हात मांडीवरून सावकाश उठून खांद्याच्या दिशेने वर गेला. मी काहीही केले नव्हते. जांभई संपली तसा तो खाली आला. यजमानांनी मुलाला फोन लावला, सूनबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि मी त्या रात्री झोपले नाही. पुन्हा पुन्हा तो हात उचलायचा प्रयत्न करीत राहिले आणि तो जागचा हलला नाही. जांभईबरोबर निर्जीव हात उचलला जाणे हे पक्षाघाताच्या काही रुग्णांत दिसते, ती हालचाल इच्छेने होत नाही आणि तिच्यावरून हात परत येईल असे म्हणता येत नाही, हे मला कितीतरी महिन्यांनी कळले. शिंकताना, खुर्चीतून उठताना किंवा घाईने चालताना कोपर छातीशी आवळले जाणेही त्याच जातीचे. दुसऱ्या कोणत्या तरी अवयवाला जोर लावला की आखडलेला हात अधिक आखडतो.

मे महिन्यापर्यंत हाताने एक कायमचा आकार घेतला. खांदा आत वळलेला, दंड बरगडीला चिकटलेला, कोपर वाकलेले, तळवा खाली, मनगट मुडपलेले, आणि अंगठा मुठीच्या आत दडलेला. एका नातेवाइकांच्या आग्रहावरून मालिश करणाऱ्या गृहस्थांना बोलावले. त्यांनी गरम तेल लावून हात झटक्याने सरळ करण्याचा प्रयत्न केला. ते जितक्या जोराने ओढत तितक्याच जोराने हात उलट खेचला जाई, आणि तिसऱ्या दिवशी खांदा असा दुखावला की पुढचे सात आठवडे मला त्या कुशीवर वळता आले नाही. अंथरुणातून उठवताना प्रेमाच्या माणसांनीही त्याच हाताला धरून मला ओढले होते. पक्षाघाताच्या माणसाला आजारी बाजूचा हात धरून कधीही उठवू नये. खांद्याभोवतीचे स्नायू दुबळे झालेले असतात, आणि खांद्याचा सांधा त्यांच्याच आधारावर टिकून असतो.

आखडलेला हात दिवसभरात काय काय हिरावून घेतो याची कल्पना बाहेरून येत नाही. काम न करणारा हात निदान वाटेत तरी येऊ नये, पण हा प्रत्येक गोष्टीत आडवा येत होता. आंघोळीच्या वेळी काखेत पाणी पोहोचत नसे आणि उन्हाळ्यात तिथे पुरळ उठे. मुठीच्या आत घाम साचून कातडी पांढरी, मऊ पडली आणि तिला वास येऊ लागला. तो वास मला माझ्या हाताला येत होता, ज्या हाताने मी पांढऱ्या केंब्रिकवर डाग न पाडता काश्मिरी टाके घातले होते. नखे वाढली की तळहातात रुतत आणि ती कापायला दोन माणसे लागत, एक बोट उचलून धरणारे आणि एक नेलकटर चालवणारे. पोळीचा तुकडा एका हाताने मोडता येत नाही, हे डाव्या हाताने जेवायला बसल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी ताट हलू नये म्हणून खाली ओले फडके घालावे लागते आणि पोळी आधीच कुस्करून घ्यावी लागते. घरच्या सत्यनारायणाला तीर्थासाठी डावा हात पुढे करताना मी थबकले. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी काहीही न बोलता पळी माझ्या डाव्या तळव्यावर कलती केली. ते मी मनात जपून ठेवले आहे.

कपड्यांच्या बाबतीत माझा व्यवसाय कामाला आला. आजारी हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना सर्वात शेवटी काढायचा, हा पहिला नियम. परंतु वाकलेले कोपर आणि आवळलेली मूठ नेहमीच्या ब्लाउजच्या बाहीतून जाणारच नाही. मी सूनबाईंना समोर बसवून एक ब्लाउज बेतून घेतला: मुंढा दीड इंच खोल, काखेखाली कळी, बाही उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाची, आणि पुढे हुकांच्या जागी वेल्क्रो. सरळ कापडाला ताण सोसत नाही, उरेब कापड देते, हे मी मुलींना वर्षानुवर्षे सांगत आले होते. तो ब्लाउज चढवायला वीस मिनिटांच्या ऐवजी सात मिनिटे लागू लागली. निऱ्या शिवून ठेवलेल्या दोन सुती साड्याही तशाच करून घेतल्या.

नोव्हेंबर २०२२ मध्ये निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देण्यास बँकेत गेलो. समोरच्या तरुण कर्मचाऱ्याने यंत्र पुढे करून उजवा अंगठा ठेवायला सांगितले. माझा अंगठा मुठीत होता. मी तसे सांगितले, तेव्हा त्याने माझी बोटे धरून उघडायला सुरुवात केली, मला कळ आली आणि मूठ आणखी आवळली. मागे रांग होती. मी वेदनेपेक्षाही अपमानाने रडले, हे आज लिहितानाही मला लपवावेसे वाटत नाही. अखेर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि काम दोन मिनिटांत झाले. त्या कर्मचाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. या हाताला ओढून चालत नाही, एवढेच त्याला कोणी शिकवले नव्हते. आम्हालाही नव्हते.

त्या प्रसंगानंतर आठ दिवसांनी आम्ही पुण्याला एका पुनर्वसन चिकित्सकांकडे गेलो. पुनर्वसन ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची या विषयाची संस्था १९५५ पासून आहे, हे मला वयाच्या ६१ व्या वर्षी कळले. डॉक्टरांनी माझे कोपर आधी अत्यंत सावकाश सरळ केले, आणि ते बरेचसे सरळ झाले. मग तेच त्यांनी वेगाने केले, तेव्हा ते मध्येच कुलूप लागल्यासारखे अडकले. त्यांनी सांगितले, "बाई, हा हट्टी हात नाही आणि बलवान हातही नाही. हा दुबळा हात आहे, आणि त्याला सैल हो म्हणणारा मेंदूचा निरोप पोहोचत नाही."

मला समजले ते असे. स्नायू अचानक ताणला गेला की तो लगेच आकसून प्रतिकार करतो, ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची स्वतःची व्यवस्था आहे. मेंदू एरवी तिला लगाम घालून ठेवतो. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूकडून खाली येणारे तंतू तुटले की लगाम सुटतो, आणि ताण जितका वेगाने द्यावा तितका प्रतिकार वाढतो. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात, आणि वेगाशी असलेले हे नाते ऑस्ट्रेलियातील मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये व्याख्येत मांडले. दोऱ्याला गाठ बसली की हिसका देऊ नये, दिला तर ती आवळते, हे मला शिकवायला कोणी परदेशातून यावे लागत नव्हते. पण माझ्याच हाताची ती गाठ आहे हे ओळखायला दहा महिने लागले. ताठरपणा मोजायला ॲशवर्थ यांची श्रेणी वापरतात, तिचे १९८७ मधले सुधारित रूप शून्यापासून चारपर्यंत जाते. माझ्या बोटांना तीन आणि कोपराला दोन असे गुण मिळाले. शाळेत जास्त गुण मिळावेत म्हणून झटलेल्या मला हे गुण कमी व्हावेत म्हणून झटायचे होते. चेंडू त्याच दिवशी बंद झाला.

आधी स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या दिल्या, अगदी थोड्या मात्रेने. हात किंचित सैल झाला, पण दुपारभर डोळ्यांवर झापड येई, आणि दहाव्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उजवा पाय माझ्याखालून गेला. गोळी पूर्ण शरीरात जाते, आणि माझा पाय थोडाफार जो भार घेत होता तो त्याच्या ताठरपणाच्या बळावरच घेत होता. हात सैल करण्याच्या नादात उभे राहण्याचा आधार सुटला होता. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, तसे केल्यास गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या आणि बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा विषय काढला.

ज्या जिवाणूमुळे बिघडलेल्या अन्नातून विषबाधा होते त्याचेच हे विष, अत्यंत सूक्ष्म मात्रेत. मज्जातंतूच्या टोकापासून स्नायूला मिळणारा रासायनिक निरोप ते अडवते, त्यामुळे ज्या स्नायूत टोचले तोच स्नायू काही महिने सैल राहतो. यजमान विष या शब्दाने घाबरले. मी किमतीने घाबरले, कारण मला लागणाऱ्या दोन कुप्यांची किंमत माझ्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होती. होकार देण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारले, हात उघडला तर तुम्हाला काय करायचे आहे? मी लगेच म्हणाले, सुई धरायची आहे.

ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे सांगितले त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, जरी त्या दिवशी घरी परतेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. इंजेक्शन आवळलेला स्नायू सैल करते, दुबळ्या स्नायूला शक्ती देत नाही. बोटे उघडणारे माझे स्नायू अकरा महिन्यांत हलले नव्हते. सुई धरण्याइतकी नाजूक हालचाल परत येण्याची आशा त्यांना दाखवता येत नव्हती. परंतु मूठ उघडून धुता येईल, नखे कापता येतील, बाही चढवता येईल, खांद्याचे दुखणे कमी होईल, आणि सांधे कायमचे आखडण्याचा धोका कमी करता येईल, असे ते म्हणाले. कागदावर त्यांनी तीन उद्दिष्टे लिहिली: तळहात रोज धुणे, अंगठा बाहेर राहणे, ब्लाउज पाच मिनिटांत. चौथे मी सांगितले: बांगड्या. तेही त्यांनी लिहिले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंजेक्शने झाली, एकूण २०० युनिट, दंडात, हाताच्या पुढच्या भागात आणि अंगठ्याच्या मुळाशी, अकरा ठिकाणी. नेमका स्नायू सापडावा म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई घालत होते. टोचण्याची वेदना सोसण्यासारखी होती. त्यानंतरचे दिवस मात्र जड गेले, कारण काहीच घडत नव्हते, आणि चौथ्या दिवशी पैसे वाया गेले असे मी बोलूनही दाखवले. नवव्या दिवशी यजमान सकाळी हात धूत असताना अंगठा त्यांच्या हातात नुसता आला. ओढावा लागला नाही. ते म्हणाले, "अगं, हा सुटला." मी म्हणाले, "अहो, हळू." त्यांनी माझा तळहात उताणा करून त्याच्यावर पाणी ओतले. त्यावरच्या रेषा मला अकरा महिन्यांनी दिसल्या.

इंजेक्शनाने फक्त दार उघडते, आत जाण्याचे काम त्यानंतरच्या आठवड्यांतले असते, असे व्यवसायोपचार करणाऱ्या, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या, ताई म्हणत, आणि त्यांनी तसे काम करून घेतले. मूठ उघडण्याची पद्धत त्यांनीच यजमानांना शिकवली, आणि ही एक गोष्ट वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. बोटांच्या टोकांना धरून ओढायचे नाही. मनगट आधी आतल्या बाजूला आणखी वाकवायचे, म्हणजे बोटे वाकवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, सैल पडतात. मग अंगठा त्याच्या मुळाशी, मांसल भागाला धरून बाहेर घ्यायचा. मग बोटे एकत्र, सावकाश, मनात वीस मोजत. बोटे उघडल्यावरच मनगट हळूहळू सरळ करायचे. दिवसातून दोनदा हा क्रम, कोमट पाणी, बोटांच्या फटी कोरड्या करणे, मग तासभर तळहातात मऊ सुती गुंडाळी. टेबलावर हात पसरून त्यावर शरीराचा भार देणे, डाव्या हाताने उजव्या हाताला धरून टेबल पुसणे, आणि डबा पोटाशी धरताना उजव्या हाताला त्यावर नुसते दाबून ठेवायला लावणे, हे व्यायाम आजही चालू आहेत. या शेवटच्या व्यायामामुळे माझा उजवा हात कागदावर वजन म्हणून ठेवता येतो, आणि हा मजकूर मी डाव्या हाताने लिहिते आहे तो त्याच आधारावर.

२०२३ च्या संक्रांतीला, इंजेक्शनानंतर पाचव्या आठवड्यात, कासारीण घरी आली. हा असर चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असतो, त्यामुळे दिवस चांगला होता. पूर्वी मला सव्वादोनाची बांगडी होत असे, तिने अडीचची काढली. आजारी हातात बांगडी भरायची तर तिला घाई करून चालणार नव्हते, आणि मी तिला मनगट आधी वाकवायला सांगितले. तिने ऐकले. अंगठ्याचा उंचवटा तिने तळव्यात दाबून घेतला, जसा बांगडी भरताना एरवीही घेतात, आणि मला एकाएकी जाणवले की याच घडीत हा अंगठा वर्षभर अडकून पडला होता, आता मात्र तो घडी करून पुन्हा सोडताही येत होता. दोन हिरव्या बांगड्या भरल्या. जास्त भरल्या असत्या तर रात्री हाताला बांधायच्या स्प्लिंटचा, म्हणजे आधाराच्या साच्याचा, पट्टा त्यांवर बसला नसता.

तेराव्या आठवड्याच्या सुमारास अंगठा पुन्हा आत जाऊ लागला, आणि ते मला मनाला फार लागले, जरी आधी सांगितले होते. पुढचे इंजेक्शन बारा आठवड्यांच्या आत देत नाहीत. पैशांमुळे आमचे अंतर पाच महिन्यांचे असते. त्यातला शेवटचा महिना-दीड महिना कठीण जातो. थंडीत हात जास्त आवळतो. पोट साफ नसले, कुठे काही दुखत असले, मन अस्वस्थ असले तरी आवळतो. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री तो कारण नसताना इतका घट्ट झाला की स्प्लिंट बसेना. दुसऱ्या दिवशी ताप आला आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. तेव्हापासून हात अचानक बदलला की यजमान आधी थर्मामीटर आणतात.

आजपर्यंत सहा वेळा इंजेक्शने झाली आहेत. बोटांचा गुण तीनवरून 'एक अधिक'वर, म्हणजे एक आणि दोन यांच्या मधल्या पायरीवर, आला आहे आणि कोपराचा एकवर. माझी बोटे स्वतःहून अर्धा इंच उघडतात, त्यापलीकडे नाही. खांदा रात्री दुखत नाही. नखे यजमान एकटे कापतात, रविवारी सकाळी, अंगणातल्या उन्हात, चष्मा नाकावर घेऊन, आणि करंगळीपाशी आले की अजूनही श्वास रोखतात. सातव्या इंजेक्शनाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तळहात आज सकाळी धुतला तेव्हा अंगठा थोडा अडला, म्हणून वीसऐवजी तीस मोजले.